घुंगरू काढून फेकण्याआधी : शाळेतल्या 'फ्युजन' नृत्याविषयी थोडंसं



डिसेंबर जवळ आला की सगळ्या शाळांमध्ये एकच गडबड सुरू होते. स्नेहसंमेलन! कोणत्या वर्गाचं कोणतं गाणं, ड्रेस भाड्याने कुठून आणायचे, कोणाच्या मोबाईलमध्ये ट्रॅक आहे, याच चर्चा. आणि गेल्या काही वर्षांत प्रत्येक शाळेच्या कार्यक्रमपत्रिकेत एक शब्द हमखास दिसतो, तो म्हणजे 'फ्युजन डान्स'. थोडं शास्त्रीय, थोडं वेस्टर्न. मुलं खूश, पालक खूश, पाहुणेही खूश.

मीही असा एक फ्युजन बसवला होता. त्याची गोष्ट आधी सांगते, कारण माझं मत त्यातूनच तयार झालं आहे.

आमच्या शाळेत सातवीतली एक मुलगी कथक शिकते. नववीतला एक मुलगा मोबाईलवर बघून बघून ब्रेक डान्स शिकला आहे. क्लास नाही, सर नाहीत, घरामागच्या मोकळ्या जागेत पोतं अंथरून सराव. दोघांनाही घेऊन मी नाच बसवला. पहिली दीड मिनिटं तबल्याचे बोल, मुली घुंगरू बांधून, ओढणी खोचून कथकच्या हालचाली करतात. मग एकदम डीजेचा दणका. मुली ओढण्या भिरकावतात, घुंगरू सोडून बाजूला टाकतात, मागून मुलं उड्या मारत येतात आणि सगळे मिळून धमाल नाचतात. कल्पना माझीच. मला ती फार भारी वाटली होती.

तालमीत ती मुलगी अडली. म्हणाली, "मॅडम, घुंगरू असे टाकायचे नसतात. आम्ही नमस्कार करून बांधतो आणि नमस्कार करून सोडतो." मी म्हटलं, "अगं, नाटकातल्यासारखं आहे ते. एवढं काय त्यात?" ती गप्प बसली. कार्यक्रमाच्या दिवशी तिने सांगितलं तसं केलं. घुंगरू बाजूला पडले त्याच क्षणी सगळ्यात जास्त शिट्ट्या आल्या. वन्स मोअर मिळाला. मुख्याध्यापकांनी पाठ थोपटली.

फेब्रुवारीत तिची आई भेटली. "मॅडम, हिने कथकचा क्लास सोडला. कारण विचारलं तर म्हणते, माझं जे होतं ते संपलं तेव्हाच सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

खरं सांगते, त्या वाक्यावर मला काही बोलता आलं नाही. मी दोन नृत्यं एकत्र आणली असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी चारशे लोकांसमोर एका नृत्याला हरवून दुसऱ्याला जिंकवलं होतं.

जोडणं आणि चिकटवणं यात फरक आहे

शाळेतल्या बहुतेक फ्युजन नाचांचा साचा हाच असतो, तुम्हीही पाहिला असेल. आधी 'जुनं', मग 'नवं'. आधी शांत, मग दंगा. त्यातून मुलांना न बोलता एक धडा मिळतो : शास्त्रीय नृत्य म्हणजे खरी मजा सुरू होण्याआधी सहन करायची प्रस्तावना.

आणि दुसऱ्या बाजूचंही नुकसान होतंच की! त्या नववीतल्या मुलाला मी काय दिलं होतं? 'पाठीमागून येऊन एक उलटी उडी मार' एवढंच काम. त्याच्या नाचाला काही नियम असतील, मोजणी असेल, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. एक दिवस तालीम संपल्यावर त्याने विचारलं होतं, "मॅडम, ते तबल्याचं कसं मोजायचं? मला त्याच्यावर पण करून बघायचंय." मी म्हटलं, "तुझं नंतर आहे, तू तुझं बघ." आज आठवलं की लाज वाटते. दोन्ही नृत्यं खरोखर एकत्र आणणारा प्रश्न त्या एकट्या मुलाने विचारला होता आणि मी तो उडवून लावला.

शुद्ध काय आणि बाटलेलं काय?

फ्युजन म्हटलं की काही जाणकार लगेच नाक मुरडतात. "आमची हजारो वर्षांची कला बाटवू नका." त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. पण इतिहास बघितला तर गोष्ट एवढी सरळ नाही.

भरतनाट्यमचंच घ्या. आज या नृत्याचा जो क्रम शिकवला जातो (अलारिप्पू, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम्, तिल्लाना) त्याची घडी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बसली. कोणी बसवली? चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी. हे चौघे तंजावरच्या दरबारात होते, आणि तो दरबार भोसल्यांचा, म्हणजे मराठी राजांचा! सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी त्यांना आश्रय दिला. नृत्यासाठी मराठीतून 'निरूपणे' लिहिण्याची परंपरा याच दरबारातली. तमिळ भूमी, तेलुगू पदं, मराठी राजा. त्याच दरबारात युरोपीय वाद्यांचा बँडही होता. वडिवेलू व्हायोलिन वाजवत, आणि ते वाद्य युरोपातून आलेलं. आज व्हायोलिनशिवाय कर्नाटक संगीताची मैफल डोळ्यांसमोर येत नाही. म्हणजे आपण ज्याला 'शुद्ध' म्हणतो त्याच्या पोटात सुद्धा एक जुनं फ्युजनच आहे.

पुढे विसाव्या शतकात 'सदिर' या नावाने ओळखलं जाणारं हे नृत्य मंदिर-दरबारातून आधुनिक रंगमंचावर आलं. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ मध्ये कलाक्षेत्र सुरू केलं, वेशभूषा, प्रकाशयोजना, मांडणी सगळं नव्याने बसवलं. ज्या देवदासी स्त्रियांनी ही कला पिढ्यान् पिढ्या जपली त्यांच्या वाट्याला मात्र त्या काळात मान कमी आणि बोलणी जास्त आली. कथकचंही तसंच. कथा सांगणारे कथेकरी, मंदिर, मुघल आणि लखनौचे दरबार, तवायफांचे कोठे, असा मोठा प्रवास करून ते आपल्या गल्लीतल्या क्लासपर्यंत पोहोचलं आहे.

आपल्या पुण्यात रोहिणीताई भाटे यांनी १९४७ मध्ये 'नृत्यभारती' सुरू करून कथक मराठी मध्यमवर्गाच्या घरात आणलं. अहमदाबादच्या कुमुदिनी लाखिया यांनी 'कदंब' ही संस्था काढली आणि एकट्याने करायचं कथक समूहाने करायला लावलं, राधाकृष्णाच्या गोष्टीबाहेरचे विषय घेतले. त्या वेळी टीका झालीच. पण आज समूह कथक बघून कोणी दचकत नाही.

त्याच्याही आधी उदय शंकर होते. आधी युरोपात नाव कमावलं, मग अल्मोड्याला नृत्यकेंद्र काढलं. तिथे कथकली, मणिपुरी अशा शैलींचे गुरू एका आवारात शिकवत. त्यांचा 'कल्पना' हा चित्रपट १९४८ सालचा. सिनेमावाले गुरुदत्त याच केंद्रात शिकले होते, हे पुष्कळांना माहीत नसतं.

आणि सिनेमाचं म्हणाल तर शांतारामबापूंनी १९५५ मध्ये 'झनक झनक पायल बाजे' काढला तेव्हा गोपीकृष्ण या कथक नर्तकालाच नायक केलं. पंडित बिरजू महाराजांनी 'देवदास' (२००२) आणि 'बाजीराव मस्तानी' (२०१५) साठी नृत्यं बसवली. त्याआधी 'विश्वरूपम'मधल्या नृत्यरचनेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. घराण्याचा एवढा मोठा वारस सिनेमात गेला म्हणून घराणं बुडालं का? नाही. कारण ते जिथे गेले तिथे आपली विद्या सोबत घेऊन गेले.

तेव्हा 'मिसळू नका' हे म्हणणं मला पटत नाही. कला मिसळतच असते. प्रश्न फक्त एवढाच, की मिसळणाऱ्याला दोन्हीतलं काय येतं?

'वेस्टर्न' म्हणजे नुसता धांगडधिंगा नव्हे

आता दुसऱ्या बाजूचा गैरसमज. आपण शिक्षक मंडळी 'वेस्टर्न' या एका शब्दात सगळं कोंबतो. पण आपल्या विद्यार्थ्यांना आवडणाऱ्या हिप-हॉपचाही इतिहास आहे आणि तो फार हृद्य आहे. न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉंक्स भागात, गरीब आणि मुख्यतः कृष्णवर्णीय व लॅटिनो वस्तीत तो जन्मला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी डीजे कूल हर्क या तरुणाने बहिणीने ठेवलेल्या पार्टीत गाणी वाजवली. गाण्यात मधे गायक थांबतो आणि फक्त ताल उरतो, त्या तुकड्याला 'ब्रेक' म्हणतात. त्याच्या लक्षात आलं की पोरं त्याच तुकड्यावर जीव तोडून नाचतात. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन तो तुकडा लांबवत नेण्याची युक्ती त्याने काढली. ब्रेकवर नाचायचं म्हणून 'ब्रेकिंग'.

यातही पायऱ्या आहेत : उभ्याने करायच्या हालचाली, जमिनीवरचं पदन्यासाचं काम, अंग गरगर फिरवणं आणि शेवटी क्षणभर गोठून उभं राहणं. गोल करून उभं राहायचं, एकाने मधे यायचं, दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचं. आपल्याकडे सवाल-जवाब असतो ना, तसंच. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंगचा समावेश झाला होता. ज्या मुलाला आपण 'टपोरीपणा करतो' म्हणतो, तो न कळत एका वस्तीची जगभर पोहोचलेली कला करत असतो. हे त्याला कोणी तरी सांगायला हवं. शाळेने नाही सांगायचं तर कोणी?

आणि लोकप्रिय नाच आपल्याला परका तरी कुठे आहे? 'अलबेला' (१९५१) मधल्या भगवानदादांच्या त्या सोप्या, डुलत्या पावलांवर आजही गणपती विसर्जनात आजोबा आणि नातू एकत्र नाचतात. लावणी सुद्धा एकेकाळी 'चांगल्या घरात' चालत नव्हती, आज शाळेच्या स्टेजवर पहिला नंबर तिचाच.

सोळा मात्रा आणि दोन आठ

मग एकत्र आणायचं म्हणजे नेमकं काय करायचं? पुढच्या वर्षी मी त्या दोघांनाच विचारलं. मुलीला नाचायचं नव्हतं, पण "याला तालाचं मोजायला शिकवशील का?" म्हटल्यावर ती तयार झाली.

तिने हातावर तीनताल धरला. सोळा मात्रा, चार-चारचे चार भाग. पहिली मात्रा सम, नववी खाली. तो मुलगा म्हणाला, "अरे, आम्ही आठ-आठ मोजतो. म्हणजे तुमचं एक आवर्तन म्हणजे आमचे दोन आठ!" तुमची खाली म्हणजे आमच्या दुसऱ्या आठातला 'एक'. झालं, पूल बांधला गेला.

मग तिने तिहाई दाखवली. 'तिग्दा दिगदिग थेई' हा तीन मात्रांचा तुकडा तीनदा म्हणायचा. तीन त्रिक नऊ. नवव्या मात्रेवर सुरू केला तर शेवटचा 'थेई' बरोबर सतराव्यावर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या समेवर येतो. मुलाने ते ऐकलं आणि म्हणाला, "आमच्यात पण असंच असतं, शेवटच्या ठोक्यावर गोठायचं." त्याने तीच तिहाई जमिनीवर हात टेकून पायांनी केली आणि समेवर एका हातावर तोल सावरून थांबला. ती मुलगी एवढी हसली! नंतर तिने तिच्या तीन चकरा घेऊन त्याच समेवर उभं राहून दाखवलं. दोघांचं अंग वेगळं, पोशाख वेगळा, पण थांबण्याची जागा एक. मी तिथे फक्त बघत उभी होते.

गणिताच्या सरांना कळलं तेव्हा त्यांनी आणखी पुढचं काढलं. झपतालाच्या दहा मात्रा आणि आठाची मोजणी एकाच वेळी सुरू केली तर पुन्हा एकत्र 'एक' कधी येईल? दहा आणि आठ यांचा लसावि चाळीस. झपतालाची चार आवर्तनं आणि पाच आठ. रूपकच्या सात मात्रा घेतल्या तर छप्पन्न. सातवीच्या वर्गाने टाळ्या वाजवत हे करून बघितलं. लसावि इतक्या आनंदाने शिकलेला वर्ग मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

नाच बसवणाऱ्यांसाठी काही सूचना

या अनुभवावरून मला सुचलेल्या गोष्टी सांगते. तुम्हाला पटल्या तर वापरा.

१. आधी प्रश्न ठरवा, मग गाणं. 'काय सांगायचं आहे?' याचं उत्तर नसेल तर दोन शैली घेऊ नका, एकच नीट करा. आम्ही 'रस्ता' हा विषय घेतला होता : गर्दी, घाई, धक्काबुक्की आणि मधेच ओळखीचं कोणी तरी भेटणं. गर्दीला ब्रेकिंग उपयोगी पडलं, भेटीला कथकचा अभिनय.

२. ताल एकच ठेवा. ट्रॅक मधेच कापून दुसरा चिकटवू नका. शक्य असेल तर एखादा तबला आणि एखादा डबा वाजवणारा मुलगा प्रत्यक्ष बसवा.

३. मुलांना एकमेकांचं शिकू द्या. कथकवाल्यांनी निदान दोन पावलं हिप-हॉपची आणि हिप-हॉपवाल्यांनी निदान तत्कार शिकल्याशिवाय स्टेजवर जायचं नाही.

४. कोणत्याही शैलीची टिंगल हा विनोदाचा विषय करू नका. ना घुंगरू फेकणं, ना 'वेस्टर्न' म्हणजे बिघडलेली मुलं असं दाखवणं.

५. मुलगी किंवा मुलगा क्लासला जात असेल तर त्यांच्या गुरूंना आधी विचारा. बहुतेक जण आनंदाने मदत करतात. आमच्या मुलीच्या ताईंनी तिहाईची जागा फोनवरून दुरुस्त करून दिली.

६. शरीराची काळजी घ्या. कथक अनवाणी करायचं असतं, ब्रेकिंगला बूट लागतात. सिमेंटच्या स्टेजवर डोक्यावर फिरणं अजिबात नको, मॅट घाला. भरतनाट्यममधलं गुडघे बाहेर वळवून अर्धं बसणं महिनाभराच्या तालमीत घाईने शिकवलं तर गुडघे दुखावतात. जे येत नाही ते करून दाखवण्याचा आग्रह धरू नका.

पालकांना एक विनंती

पालकहो, तुम्हालाही थोडं सांगायचं आहे. दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांसाठी वाढीव गुण मिळतात. सोय चांगली आहे, लोककला आणि चित्रकलेलाही ती आहे. पण त्या गुणांसाठीच मूल कथकला घालायचं आणि दहावी झाली की घुंगरू माळ्यावर टाकायचे, हेही एका अर्थी घुंगरू फेकणंच नाही का? आणि ज्याच्या नाचाला गुण नाहीत, फी भरायला पैसे नाहीत, तो मुलगा रोज तीन तास घाम गाळतो, तेव्हा त्याला "अभ्यास सोडून काय उड्या मारतोस" एवढंच ऐकायला मिळतं. दोघांच्याही मेहनतीकडे एकाच नजरेने बघता येईल का, एवढाच माझा प्रश्न आहे.

काही जण म्हणतील, "मॅडम, वर्षातून एक दिवस मुलांना मजा करू द्या, एवढा विचार कशाला?" मजा करूच द्या. सगळ्या वर्गाने सिनेमाच्या गाण्यावर मनसोक्त नाचायला माझी काहीच हरकत नाही. फक्त त्याला फ्युजन म्हणू नका आणि त्यासाठी दुसऱ्या कलेला पायरी करू नका.

तुम्हाला उत्सुकता असेल, त्या वर्षी आमच्या नाचाचं काय झालं? खरं तेच सांगते. शिट्ट्या कमी आल्या. वन्स मोअर मिळाला नाही, तो पाचवीच्या कोळीनृत्याला मिळाला. एक पाहुणे म्हणाले, "छान होतं, पण थोडं संथ वाटलं." मात्र शेवटच्या समेला, ती उभी आणि तो एका हातावर, दोघं एकदम थांबले तेव्हा मंडपात क्षणभर आवाजच नव्हता. मग टाळ्या आल्या.

नाच संपल्यावर पडद्यामागे तिने खाली बसून घुंगरू सोडले, नमस्कार केला आणि पिशवीत ठेवले. शेजारी तो मुलगा बुटाची लेस सोडत होता. त्याने बघितलं आणि काही न बोलता आपल्या बुटांना हात लावून कपाळाला लावला. मी शिकवलं नव्हतं हं ते.

मुलीने क्लास पुन्हा लावला आहे. परीक्षेला मात्र बसणार नाही म्हणते. आई थोडी नाराज आहे, गुण जातील म्हणून. मी त्यांना सांगितलं, "ताई, ती नाचते आहे ना? मग राहू दे."

यंदा तुमच्या शाळेत फ्युजन बसवणार असाल, तर ट्रॅक शोधण्याआधी दोन मुलांना समोरासमोर बसवा आणि एकमेकांचा ताल मोजायला सांगा. पुढचं बरंचसं तीच बसवतील.